खाऱ्या शेतातले भात आणि सुमेधाचे सार

मी विनायक पेठे, वाणिज्य पदवीधर, सरकारी बँकेतील अधिकारी. बदलीमुळे सध्या मुक्काम कोलकात्यात, बालीगंजला. शेतीचा उतारा वाढवण्यासंबंधीचे कर्जप्रस्ताव पुष्कळ वाचले. शेतात उभा मात्र कधी राहिलो नव्हतो. आमच्या इमारतीचे रखवालदार तपनदा सुगीसाठी सुंदरबनातल्या आपल्या गावी निघाले, तेव्हा ती उणीव भरून काढण्यासाठी मी आणि पत्नी सुमेधा त्यांच्याबरोबर निघालो.

बालीगंजहून कॅनिंगची लोकल, पुढे शेअर रिक्षा, मग होडी. जाणाऱ्यांनी सुटे पैसे जवळ ठेवावेत. ओहोटीच्या वेळी चिखलातून चढावे लागते. चांगले बूट घरीच बरे.

होडीत तपनदांनी घरातला पेच सांगितला. वादळात बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले. तेव्हापासून भरघोस उताऱ्याचे बियाणे तग धरीना. एका बाजूच्या शेजाऱ्याने कोळंबीचे तळे केले. तपनदांनाही तेच करायचे होते. शेती पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी मालतीदींनी मात्र एक हंगाम मागून घेतला. मीठ सोसणारे जुने वाण लावायचे. घराला वर्षभर पुरेल एवढ्या भाताची खूण कणगीत आतून केली. तिथपर्यंत कणगी भरली तर शेत राहील, नाहीतर तळे.

दुपारी जाडा भात, डाळ आणि पालेभाजी होती. सुमेधा हिंदीत म्हणाली, “आमच्याकडे भातावर सार लागतं.”

मालतीदींचा घास हातातच राहिला. “सार? खाता?”

बंगालीत सार म्हणजे खत. आमसुलांचा खुलासा झाल्यावर त्या नवऱ्याकडे वळल्या. “ऐकलंस? शहरात सार खातात. तरीच तू असा फुगलायस.”

“आपलं शेत सार खायचं तेव्हा पिकायचंही चांगलं,” तपनदा म्हणाले.

“आणि मीठ आल्यावर? हे कमी पिकतं, पण पिकतं. तुझ्या तळ्याचं खारं पाणी पलीकडच्या काकांच्या शेतात झिरपणार. मग त्यांनीही तळंच करायचं?”

तपनदांनी आणखी डाळ मागितली.

संध्याकाळी शेवटची टोपली कणगीत रिकामी झाली. तपनदांनी शिडीवरून आत हात घातला. खूण हातभर वर राहिली होती.

“भरली नाही,” मालतीदीच म्हणाल्या, आणि पोती झटकू लागल्या.

तपनदा शिडीवरच थांबले. “खूण करताना माझंही तोंड धरलं होतं. मी जेवतो कोलकात्यात.”

“म्हणजे?”

“म्हणजे पुरेल. पुढचं बियाणं आधी बाजूला काढ.”

एकरी उतारा हा माझा आजवरचा निकष. तो खोटा नाही. खाणारी तोंडे वाढतच आहेत. परंतु पलीकडच्या काकांचे शेत आणखी खारे झाले नाही, हे त्या उताऱ्यात कुठेच दिसत नाही. यापुढे प्रस्ताव वाचताना मी तेही विचारणार आहे.

निघताना मालतीदींनी नव्या भाताचे ओंजळभर तांदूळ दिले. नको म्हणणे जमले नाही. काल संक्रांतीला सुमेधाने ते शिजवले आणि आमसुलाच्या सारासह तपनदांना वाढले. त्यांनी वाटी नाकाशी नेली आणि आपल्या या वहिनीला विचारले,

“बौदी, युरिया बेतानंच घातलाय ना?”

मग त्यांनी तो भात शेवटच्या शितापर्यंत संपवला.

विनायक पेठे
बालीगंज, कोलकाता
किंक्रांत