रुमालाची जागा

शनिवारी नोकरीवरून पेणला घरी येताना मुंबई-रोहा एसटीत एक म्हातारा हमखास भेटायचा. बस फलाटाला लागते न लागते तोच तो खिडकीतून हात घालून दोन सीटवर दोन रुमाल टाकायचा. एक स्वतःसाठी, दुसरा पोरासाठी. पोरगा मुंबईला कामाला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. हा रोह्याकडच्या खेड्यातून दर आठवड्याला त्याला शोधायला यायचा.

मी पेणपर्यंत उभा आणि समोरच्या सीटवर नुसता निळा रुमाल! चीड यायची. कंडक्टरही खेकसायचा, "काका, माणूस कुठाय?"

"हाय. येतोय. मुंबईत गर्दी हाय, उशीर व्हतो."

पनवेल मागे पडल्यावरही तो हेच सांगायचा. रुमालाला कुणी हात लावला, तर मात्र अंगावर धावून जायचा.

गेल्या शनिवारी मी नेहमीसारखा त्याच्याजवळ दांडा धरून उभा होतो. बस सुटली, तसा त्यानं आपणहून तो रुमाल उचलला, झटकला, नीट घडी घालून खिशात ठेवला.

"बसा, भाऊ."

"आणि पोरगा?"

"बसा हो. जागा कशाला फुकट घालवायची?"

बसलो खरा, पण बसवेना. पनवेलला पाय मोकळे करायचं निमित्त काढून मी उठलो. वाटलं, आता तो रुमाल परत टाकेल.

तेवढ्यात एक बाई चढल्या. "हितं कोन हाय का?"

"नाय," तो म्हणाला आणि त्यांना जागा करून द्यायला खिडकीकडे सरकला.