उस्तादांचा परसों

“परसों ले जाओ, मास्टरसाब!” एवढं बोलून उस्ताद लुंगीला हात पुसत आणि पुन्हा कुणाच्या तरी गाडीखाली शिरत. मग पुढचं बोलणं त्यांच्या पायांशी.

तुम्ही हैदराबादेत राहिला असाल तर आत्ताच हसला असाल. मी जन्मलो काचीगुड्यात, पोरांना व्याकरण शिकवून पोट भरलं, तरी पहिल्या वेळी त्यांचा ‘परसों’ म्हणजे आपला ‘परवा’ समजलो. डबे, सतरंजी आणि बायको घेऊन तिसऱ्या दिवशी गॅरेजात हजर! आमची जीप चाकांशिवाय चार दगडांवर बसली होती.

“परसों बोले थे ना?”

“हौ. तो आज कायकू आए?”

हा परसों मागेही तेवढाच लांबायचा. दोन वर्षांपूर्वी बदललेला क्लच “अब्बी परसोंइच तो डाला” असायचा.

जीप सरकारी लिलावातली, माझ्याहून थोडीच लहान. रस्त्यांवर नव्या, चकचकीत गाड्या दिसायला लागल्या होत्या. पुण्याचा मेव्हणा दर फोनला म्हणे, “दाजी, ते धूड भंगारात घाला आता.” पण आमची कुलदेवी शहराबाहेर, खडकाळ टेकडीवर. तिथं त्या नाजूक गाड्या पोट घासत. आदल्या दसऱ्याला चढावरच आमच्या जीपचा मागचा एक्सल तुटला. आत दहा माणसं होती. त्यातलं माझं वजन हा घरात अजून वादाचा विषय आहे. माझ्या वडिलांना, अण्णांना, खुर्चीत बसवून खाली आणलं. दर्शन राहिलंच. अण्णा ऐंशीचे, काळीज अशक्त. ते ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणाले नाहीत, म्हणूनच मी हबकलो.

“फौजी एक्सल डालेंगे,” उस्ताद म्हणाले. “फिर हत्ती बिठा लो.”

सिकंदराबादच्या भंगारातून एका फौजी गाडीचा जाडजूड एक्सल आला. त्यावर कमानींच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, बैठका नव्यानं वेल्ड करायच्या होत्या. परसोंमागून परसों गेले आणि दसरा उजाडला.

सकाळी सगळं कुटुंब गॅरेजात. अण्णा रेशमी उपरणं घेऊन पुढच्या सीटवर. मी ऐटीत पहिला गियर टाकला. जीप झोकात मागे गेली आणि चहावाल्याचं बाकडं आडवं झालं.

“गियर देखके डालो ना, मास्टरसाब!”

“पहलाच है!”

ते स्वतः बसले. पहिला टाकला, मागे. दुसरा टाकला, आणखी जोरात मागे. मग ते गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय. शेवटी पायांकडून आवाज आला, “एक्सल उल्टा बैठ गया.”

बैठका चुकीच्या बाजूला वेल्ड झाल्या होत्या. एक्सल पालथा, म्हणून चाकंही उलटी फिरत होती.

“सीधा कब होगा?” अण्णांनी विचारलं.

“परसों...”

“उस्ताद,” अण्णा हळूच म्हणाले, “मेरे कने परसों नहीं है.”

उस्ताद बाहेर आले. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “तो आज चलते. मास्टरसाब, उतरो.” स्टिअरिंगवर बसून त्यांनी रिव्हर्स टाकला. जीप पुढे निघाली!

सगळा रस्ता आम्ही रिव्हर्समध्ये पुढे गेलो. सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते, एक म्हैससुद्धा. सवयीनं उस्तादांची मान मागे वळे आणि अख्खी जीप ओरडे, “उस्ताद, सामने!” बायकोला हसून हसून उचकी लागली. इंजिन तापू नये म्हणून बोनेटवर ओलं पोतं टाकत मी शेजारून चाललो होतो. धावावं लागलं नाही, यात सगळं आलं.

टेकडी मात्र जीप एका दमात चढली. रिव्हर्सची ताकद, आणि खाली फौजी एक्सल! अण्णांनी दर्शन घेतलं, मग जम्मीची पानं, आपलं दसऱ्याचं सोनं, उस्तादांच्या तेलकट तळव्यावर ठेवली.

“गलती मेरी थी, अण्णासाब.”

“आदमी आगे कू गया ना? बस.”

उस्तादांनी ती पानं टोपीत ठेवली.

एक्सल ‘परसों’ सुलटा झाला, म्हणजे संक्रांतीला. अण्णांना आणखी सात दसरे मिळाले.

अण्णांनंतर जीप विकली, त्या गल्लीतलं जाणं सुटलं. बऱ्याच वर्षांनी गेलो, तर गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान. चहावाला म्हणाला, “उस्ताद? परसोंइच गुजर गए.”

मी तसाच धावत त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बेगमनी पाणी दिलं. माझी धाप ओसरू दिली. मग म्हणाल्या, “दो साल हो गए, मास्टरसाब.”

घरी आलो. बायकोनं विचारलं, “कधी गेले?”

“परसों,” मी म्हणालो.