करंगळीमागचं हाड

विमलच्या पायांच्या एक्स-रेवर मी दुसऱ्यांदा ‘नॉर्मल’ लिहिलं, तेव्हा ती माझ्यासमोर स्टुलावर बसून चप्पल घालायचा प्रयत्न करत होती. पाऊल चपलेत जात होतं, पण त्यावर भार द्यायची तिची तयारी नव्हती. शेवटी तिने दोन्ही चपला हातात घेतल्या आणि अनवाणी, टाचांवर चालत बाहेर गेली.

बाहेर तिचे सासरे बसले होते. त्यांनी मला दारातच गाठलं. सगळेच ‘काही नाही’ म्हणतात, हे त्यांना पटत नव्हतं.

“डॉक्टरबाई, बठ्ठा सांगतस, काही नही शे. मंग ती सकायले रडस कसाले?”

“आबा, फोटोत दिसत नाही. पण म्हणजे काही नाही, असं नाही,” मी म्हणाले. हे वाक्य मलाच पटत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. जळगावात माझं एक्स-रे आणि सोनोग्राफीचं छोटं सेंटर होतं. मी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे पेशंटला औषध न देणारी डॉक्टर. आतलं चित्र बघायचं, रिपोर्ट लिहायचा, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. विमल पारोळ्याजवळच्या एका उपकेंद्रात नर्स होती. लसींचा डबा खांद्याला अडकवून ती जवळजवळ रोज दोन-तीन वस्त्या पायी करायची. सहा महिन्यांपासून तिला सकाळी उठल्यावर तासभर पाय टेकवत नव्हते. तळव्याच्या पुढच्या भागात चपलेत खडे अडकल्यासारखं वाटायचं. वरिष्ठांनी तिच्या फायलीत शेरा मारला होता, ‘फील्डवर्क टाळते.’ दुसरा ‘नॉर्मल’ रिपोर्ट त्या शेऱ्याच्या बाजूने जाणार होता.

तिला धुळ्याच्या डॉ. राणेंनी पाठवलं होतं. आमच्या भागातले सांधेदुखीचे पेशंट बहुतेक त्यांच्याकडेच जायचे. त्यांचा संशय होता ऱ्हुमॅटॉइडचा, म्हणजे आमवाताचा. यात शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा सांध्यांवर उलटते. सांध्याचं अस्तर सुजतं आणि हळूहळू शेजारचं हाड कुरतडतं. कुरतडलेल्या जागेला आम्ही इरोजन म्हणतो. एक्स-रेवर तेच दिसतं. पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. विमलचा रक्तातला आर. ए. फॅक्टर, म्हणजे आमवाताची खूण, निगेटिव्ह आला होता आणि हात जवळजवळ ठीक होते. दुखत होती ती फक्त पावलं.

एम. आर. आय. तेव्हा आमच्याकडे नव्हतं. मुंबईत माझी बॅचमेट शुभदा त्या मशीनवर काम करायची. तिला फोन केला.

“पायाचा एम. आर. आय.? आमवातासाठी?” ती म्हणाली. “इथे लोक मेंदू आणि कण्यासाठी रांगेत आहेत.”

“रविवारी रिकामी वेळ असेल तर बघ ना.”

“पाठव. पण पावलासाठी कॉइल नाही आमच्याकडे. डोक्याच्या कॉइलमध्ये पाय घालावा लागेल.”

कॉइल म्हणजे शरीराच्या भागाभोवती बसवायचा पिंजरा. तो शरीरातून येणारे सिग्नल पकडतो. एक्स-रेला हाडाचा आकार दिसतो. एम. आर. आय.ला त्या हाडाच्या आतलं पाणी दिसतं. विमल रात्रीच्या गाडीने भावाबरोबर मुंबईला गेली. एकेक पाऊल त्या पिंजऱ्यात घालून पाऊण तास न हलता पडून राहिली आणि परत आली.

फिल्म मी मागून उजेड देणाऱ्या व्ह्यू बॉक्सवर लावल्या. दोन्ही पायांत करंगळीमागचं हाड, जिथे बोट सुरू होतं तिथलं त्याचं गोल टोक, पांढरं दिसत होतं. बाकीची हाडं काळी. हाड फुटलेलं नव्हतं, कुरतडलेलं नव्हतं. नुसतं आतून ओलं होतं. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी.

शुभदाला विचारलं, “हे पुढे खाल्लं जाणार का?”

“मला तसं वाटतं. लोक आता तेच शोधतायत. पण छातीठोकपणे कुणी सांगत नाही.”

मी रिपोर्ट टाइप करायला घेतला. आधी लिहिलं, ‘इथे इरोजन होण्याची दाट शक्यता.’ मग राणे सरांना फोन केला.

“दाट म्हणजे किती?” त्यांनी विचारलं.

“सर, आकडा नाही सांगता येणार.”

“मला मेथोट्रेक्सेटसारखं जोरदार औषध सुरू करायचं असेल तर दर महिन्याला रक्त तपासावं लागेल. लिव्हर बघावं लागेल. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चुकून रोज घेतली, तर माणूस दगावतो. बाई खेड्यात राहते. एका पांढऱ्या डागावर हे करू? हाड खाल्लं जाईल की नाही, एवढंच सांगा.”

मला हो म्हणायचं होतं. मी म्हणाले, “बघते सर.”

आणि ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, ‘क्लिनिकल कोरिलेशन अॅडव्हाइज्ड.’ सामान्य वाचकासाठी याचा अर्थ असा की, पेशंटला तपासून तुम्हीच काय ते ठरवा. आमच्या धंद्यात हे वाक्य कुठेही चालतं. चुकलं तरी आपल्यावर येत नाही.

राणे सरांनी सौम्य औषध आणि वेदनाशामक दिलं. सहा महिन्यांनी एक्स-रे, असं ठरलं.

त्या महिन्यांत मला स्वस्थता नव्हती. संध्याकाळी मेहरूण तलावाकडे फिरायला जायचे, तर समोरून येणाऱ्या बायांचे पाय बघत राहायचे. कुणाचीही फिल्म बॉक्सवर लावली की आधी नजर हाडाच्या टोकाकडे जायची. नवऱ्याने एकदा विचारलं, “झालंय काय तुला?” मी म्हटलं, काही नाही.

चौथ्या महिन्यातच मी तिच्या उपकेंद्रावर निरोप पाठवला. ती आली. उंबरा ओलांडताना तिने दाराची चौकट धरली. मी नेहमीच्या दोन एक्स-रेंबरोबर पाऊल तिरकं ठेवून तिसरा काढला. फिल्म ओलीच होती, तशीच उजेडासमोर धरली. उजव्या करंगळीमागच्या हाडाच्या कडेला उंदराने कुरतडावं तशी खाच होती. ठीक त्याच जागी. डावीकडे काही नव्हतं.

आपलं बरोबर ठरलं, याचा क्षणभरही आनंद झाला नाही.

“विमलताई,” मी म्हटलं, “हे मला चार महिन्यांपूर्वी वाटलं होतं. रिपोर्टमध्ये मी स्पष्ट लिहिलं नाही.”

तिने त्या खाचेकडे बोट केलं. मग म्हणाली, “का नाही लिहिलं?”

“खात्री नव्हती. आणि औषध जोखमीचं होतं. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाईल, अशी सरांना भीती होती.”

“मॅडम, मी गावात टी. बी.च्या गोळ्या देते. दिवस मोजून, समोर उभी राहून. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, द्या म्हणून.”

तिला विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेंटर बंद ठेवून मी तिच्याबरोबर एस.टी.ने धुळ्याला गेले. राणे सरांच्या टेबलावर एम. आर. आय. आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

“तुम्ही तेव्हा जोर का नाही दिला?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पुढे म्हणाले, “मीही बरंच ताणून धरलं.” मग त्यांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं आणि विमलकडे वळून आठवड्याची गोळी कोणत्या वारी घेणार, ते विचारलं. तिने गुरुवार सांगितला. त्या दिवशी लसीकरण नसायचं.

औषध लागू पडायला दोन-अडीच महिने गेले. सकाळचा तास पंधरा मिनिटांवर आला. उजव्या पायाची खाच भरली नाही, ती भरत नसतेच, पण वाढलीही नाही. राणे सरांच्या आणि माझ्या पत्रांवरून तिच्या फायलीतला शेरा काढला गेला आणि तिला रस्त्यालगतचं उपकेंद्र मिळालं. डावं हाड पुढे अनेक वर्षं शाबूत राहिलं. ते औषधामुळे वाचलं की एरवीही वाचलंच असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

तेव्हापासून एक बदल केला. शंका असेल तर रिपोर्टमध्ये शंका म्हणूनच लिहिते, पण लिहिते. आणि पेशंट बाहेर बसलेला असेल, तर त्याला आत बोलावून तेच तोंडीही सांगते. वेळ जास्त जातो.