दमणीची उदई

“शेटजी, मी मारतो म्हनलं नाई. निस्तं इचारून राह्यलो. हे उदई लाकूड खाल्ल्यावर पावती देते का तुमाले?”

“अरे देवमन, हळू बोल. आई ओसरीत बसली हाय.”

“हळू बोलून काय होते? उदईले कान नाई, निस्तं तोंडच तोंड हाय.”

कस्तुरचंद शेठ हसले नाहीत. वाशीमच्या त्यांच्या धर्मशाळेमागं टिनाची छपरी आहे, तिच्यात दोघं उकिडवे बसले होते. समोर दमणी. दमणी म्हणजे वर छत, बाजूनं पडदे अन् आत गादी असलेली सुखवस्तू घरची बैलगाडी. तिची एक कड दगडांवर टेकवली होती अन् चाक उतरवून भुईवर आडवं घातलं होतं. देवमननं चाकाच्या मधल्या तुंब्यावर, ज्या जाड ठोकळ्यात सारे आरे येऊन बसतात त्याच्यावर, बोटानं टकटक केलं. बाभळीचा तुंबा दगडासारखा वाजला पाहिजे. हा वाळल्या भोपळ्यासारखा वाजला. पटाशीची धार जरा लावली, तर ओल्या मातीची खपली पडली अन् पांढऱ्या वाळवीची, म्हणजे आमच्याकडच्या उदईची, रांग लागली.

पंच्याहत्तर सालचा वैशाख होता.

देवमन किन्हीराजा गावचा सुतार. वय साठीला टेकलेलं, अंगानं काटकुळा, तोंडानं फाटका. गावात त्याच्याकडं कोणी सरळ पाय टाकत नसे. वखराचा दांडा मागायला गेलेल्या माणसाला आधी त्याच्या बैलांवरून, मग सोयऱ्यावरून ऐकून घ्यावं लागे. पण त्यानं भरलेलं चाक कधी वाटेत बसलं, असं कोणी सांगत नसे. अलीकडं रबरी टायरच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आल्या अन् लाकडी चाकं चुलीत गेली. त्याच्या बापानं, उकंडा मिस्त्रीनं, जन्मभर चाकं भरली. त्यातलं एकही देवमनला पंचक्रोशीत सापडत नव्हतं. बापाचा फोटो नाही, सही नाही. बाप अडाणी होता. तुंबा कातून झाला की पटाशीनं त्याच्यावर तीन तिरपे टाके मारायचा. तेवढीच त्याची ओळख.

तसे तीन टाके या दमणीच्या तुंब्यावर होते. दुसरं चाक मागंच कोणीतरी बदललं होतं. उरला होता एवढा एकच तुंबा, अन् उदई बरोबर त्याच्याच पोटात बसली होती.

दमणी कस्तुरचंदांच्या वडलांनी, शिखरचंदांनी, करून घेतली होती. मोटारी नव्हत्या तेव्हाची गोष्ट. स्टेशनावर छोटी गाडी थांबली की म्हातारेकोतारे जात्रेकरू तिच्यात बसून फुकट शिरपूरच्या जैन देवळात दर्शनाला जात. आता कस्तुरचंदांनी घरच्या धर्मादायातून जुन्या वाहतुकीच्या वस्तू जपायचं मनावर घेतलं होतं. छपरीत रेल्वेनं टाकून दिलेला बाक होता, सिग्नलचा कंदील होता, एका मेलेल्या हमालाचा पितळी बिल्ला होता. बाजारपेठ म्हणे, शेठनं भंगारचं दुकान टाकलं. शेठ म्हणत, पोरासोरांना कळलं पाहिजे आपण कशानं इथवर आलो ते. दमणी त्यांच्यासाठी सगळ्यांत मोलाची होती. अन् मागच्या चातुर्मासात, पायाखाली किडामुंगी मरू नये म्हणून, छपरीला चार महिने कुलूप घातलं होतं. त्या चार महिन्यांत उदईनं आपलं काम केलं.

देवमनची चूक वेगळी होती. आला त्या दिवशी शेठच्या आई, कंचनबाई, त्याला म्हणाल्या होत्या, “देवमन, काम होईपर्यंत एक नियम घे. या छपरीत तुह्या हातानं जीव मरू नये.”

देवमनला नियम म्हणजे शाळेतल्या पाटीवर लिहिलेला वाटला. बिडी ओढू नये, कांदा आणू नये, तसला. “घेतला बाई,” तो म्हणाला, अन् लाकूड तासायची वाकस उचलून कामाला लागला. कंचनबाईंनी मात्र हात जोडले. धर्मशाळेचा चौकीदार धरमसिंग बाजूलाच होता. तो नंतर म्हणाला, “मिस्त्री, हे काय घेऊन बसला? त्याईच्यात नियम म्हनजे शपथ असते. मोडला त मोठं पाप.”

“मंग आधी काहून नाई सांगतलं रे, हरामखोरा?”

“तुमी इचारलं काहून नाई?”

दुपारी जेवण झाल्यावर कस्तुरचंद छपरीत आले. हातात घासलेटाची कॅन होती. ती त्यांनी दाराशी ठेवली, कपडा झाकला अन् तुंब्याकडं न बघता म्हणाले, “मी पेढीवर जातो. चार वाजेपर्यंत येत नाही. धरमसिंगले बी बाजारात पाठवतो.”

“अन् हे काय?”

“काय?”

“हे कॅन.”

“कंदील पुसायले लागते ना,” शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “देवमन, ते चाक तुह्या बापाचं हाय. मले वाटते ते राहावं. तुलेबी वाटतेच.”

ते गेले. देवमन कॅनकडं बघत बसला. अर्धा शेर घासलेट तुंब्यात मुरवलं असतं, वर लाख भरली असती, तर वरचं टरफल टाक्यांसकट शाबूत राहिलं असतं. चाक चाललं नसतं, पण उभं राहिलं असतं. त्यानं कपडा काढला. बूच फिरवलं. वास आला तसा तो उठला अन् कॅन घेऊन थेट ओसरीत गेला.

कंचनबाई तांदूळ निवडत होत्या.

“बाई, हे पाहा. उदई मारली त चाक राह्यते. नाई मारली त जाते. सांगा काय करू.”

“कॅन कोनं देल्ली?”

देवमननं पेढीच्या वाटेकडं पाहिलं. बाईंना कळलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“मी नवरी होऊन याच दमणीत आली,” त्या म्हणाल्या. “वैशाखच व्हता. गाडीवानानं बैल पळवले. दारात उतरली अन् डावा बैल बसला तो उठलाच नाई. लोक माह्यावर अक्षता टाकून राह्यले व्हते अन् मी त्याच्या तोंडातला फेस पाहून राह्यली व्हती. तवापासून नियम हाय माहा. दमणी राह्यली काय अन् गेली काय, मले फरक नाई. कस्तुरले हाय.”

“मंग मले सोडा नियमातून.”

“नियम मी देल्ला, घेतला तू. सोडनं तुह्या हातात. मी काही छपरीत पाहाले येत नाई.”

“म्हंजे पाप माह्या हातानं अन् पुन्य शेटजीच्या नावानं!” देवमनचा आवाज चढला. “तुमी बी मोठे लोक, थे बी मोठे लोक. मधात सुतार.”

बाईंनी मान खाली घातली. “हो,” त्या म्हणाल्या. “तसंच झालं.”

त्याला भांडण पाहिजे होतं, ते मिळालं नाही. कॅन ओसरीतच ठेवून तो परत आला.

धावेची लोखंडी पट्टी त्यानं ठोकून काढली, आरे एकेक करून सुटे केले. तुंबा मोकळा झाला तो वजनाला काहीच नव्हता. तीन टाक्यांवरून त्यानं अंगठा फिरवला. तेवढी चकती कापून घ्यावी म्हणून आरी लावली, पण टाक्यांच्या मागंच किड्यांचा थर होता. आरी थांबली. मग काढून त्यानं ती धोतराला पुसली, तुंबा गोणपाटात घेतला, आवाराबाहेर ओढ्याच्या काठी निंबाखाली नेऊन ठेवला. घरी न्यायची सोय नव्हती. घरभर लाकूडच लाकूड.

चार वाजता कस्तुरचंद आले. सुटे आरे बघून दारातच थांबले. “कुठी हाय?”

“निंबाखाली. वस्तीसकट.”

शेठ निंबाकडं गेले अन् लगेच फिरले. “आता काय दाखवू लोकांना? पाटी रंगवायले देल्ली मी. ‘मूळ दमणी’ म्हनून.”

“मूळ नोका लिवू. एक चाक देवमन सुतारानं नवं भरलं, असं लिवा. नाई त मी भरत नाई.”

“तुले काहीच वाटत नाई का रे? बाप व्हता तुहा.”

बाभळीचा ओंडका देवमननं पायानं लोटत दारातल्या उजेडात आणला, धरमसिंगला हाक मारली अन् गेरूत भिजवलेल्या सुताचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

“ताणून धर. ढील देशीन त वाकडं पडते.”

धरमसिंगनं ताणलं. देवमननं सूत उचलून सोडलं, गेरूची रेघ उमटली, अन् त्यानं वाकस घेतली.