आता कोण ठेवते गजानन

माझ्या माहेरी, हिवरखेडला, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून 'गजाननऽ' अशी हाक मारली की निदान तीन घरांतून 'ओ' यायचा. शेगाव जवळ. नवस बोलायचा आणि मुलगा झाला की महाराजांचं नाव ठेवायचं, हे ठरलेलंच. मग ओळखू यावं म्हणून उंच गजा, दुकानवाला गजू अशी शेपटं लावावी लागत. माझा थोरला भाऊही गजाननच. त्याच्या वर्गात इतके गजानन होते की मास्तर त्यांना आडनावानंच हाका मारायचे. मला तेव्हा या नावाचा कंटाळा यायचा. "दुसरं नावच नाही का जगात?" असं मी आईला विचारलेलं आठवतं.

लग्न होऊन अमरावतीला आले. बरीच वर्षं मूल होत नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, शेवटी आईबरोबर शेगावला जाऊन मीही नवस बोलले. मुलगा झाला. नवरा म्हणाला, "पाळण्यात ठेव ते नाव, शाळेत दुसरं घालू." मी ऐकलं नाही. देवाला एक आणि शाळेला एक, हे मला पटणारं नव्हतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी दारातच उभी होते. बाईंनी त्याला नाव विचारलं. त्यानं खणखणीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "बेटा, पप्पांचं नको, तुझं नाव सांग." त्यानं पुन्हा तेच सांगितलं. पोरं काही हसली नाहीत, त्यांना काय कळतंय? बाई हसल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांची नावं 'अंश' नाहीतर 'आन'वर संपणारी. एकमेकांपासून वेगळी ओळखू येऊ नयेत इतकी सारखी, तरी त्यांना कुणी हसत नाही! माझा मुलगा वर्गात एकटा गजानन. वाढदिवसाला केक आणायला गेले तर दुकानदार विचारतो, "काका किती वर्षांचे झाले?"

बारावीला त्याला क्लास लावला. एकदा तो डबा घरीच विसरला, म्हणून मी स्कूटीवरून द्यायला गेले. आत विचारलं तर वर्गातली एक मुलगी म्हणाली, या नावाचं कोणी नाही. मी वर्णन केलं, चष्मा, निळी सॅक. दोन पोरं जिन्यात उभी होती, त्यांनीही माना हलवल्या. मी चिडून बाहेर आले तर दाराशी बसलेले पिकल्या मिशांचे वॉचमन उठून उभे राहिले.

"मॅडम, कोनाले पाह्यता?"

"गजाननला."

"मीच तर हाओ गजानन. काय काम होतं?"

तेवढ्यात माझा मुलगा जिना उतरून आला, मागून कोणीतरी ओरडलं, "अबे गॅजेट, तुझी मम्मी आली वाटते!" त्यानं माझ्या हातातून डबा ओढला आणि वर गेला.

संध्याकाळी मी विषय काढला. "तुझं नाव तिथं कोणाला माहीत नाही?"

"मीच सांगत नाही. गॅजेटच सांगितलं सगळ्यांना."

"कावून? लाज वाटते?"

"आई, नवस तुले फेडायचा होता. तू फेडला. नाव मात्र मी वागवून राहिलो."

नवरा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बरोबर बोलून राहिला तो." त्या दिवशी मी दोघांशीही बोलले नाही. पोळ्या तेवढ्या वाढल्या.

गेल्या वर्षी अकोल्याला भावाच्या नातवाचं बारसं होतं. मला वाटलं, निदान इथे तरी. मी भावाला बाजूला घेऊन म्हटलं, "दादा, पाळण्यातलं नाव तरी तुझं ठेवायला सांग सूनबाईला."

तो पान लावत होता. "आता कोण ठेवते गजानन, बाई? पोराले शाळेत तरास. तुया पोराचं पाहून नाही राहिलो का मी?"

म्हणजे माझ्या मुलाचे हाल बघून खुद्द गजाननानंच गजानन नाव टाळलं! पाळण्याच्या दोऱ्या हातात असताना बायका नवीन नाव कानात कुजबुजत होत्या, आणि मला ते धड उच्चारताही येईना. दोनदा विचारलं तेव्हा भावाची सून म्हणाली, "आत्या, इंटरनेटवरून शोधलंय, अर्थ फार छान आहे." अर्थ काय ते मात्र तिला पटकन आठवलं नाही.

येताना बसमध्ये मुलगा शेजारी बसला होता. मीच म्हणाले, "अठरा पूर्ण झाली तुला. घे बदलून नाव."

त्यानं चमकून बघितलं. "खरंच?"

"खरंच."

त्यानं चौकशी केली. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, मग दहावी-बारावीची गुणपत्रकं, आधार, बँक. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात दोनदा चकरा मारून तो घरी आला आणि सॅक पलंगावर फेकत म्हणाला, "जाऊ दे. एवढी कटकट कोण करते?"

नाव राहिलं. माझ्या नवसासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. आता तो पुण्याला शिकतो. परवा फोन केला तर रूममधल्या मुलानं उचलला. मी काही विचार न करता म्हणाले, "गॅजेट आहे का रे?" तो लगेच म्हणाला, "हो काकू, देतो." फोन ठेवल्यावर मात्र माझा दिवसभर कशावरून ना कशावरून संताप होत राहिला. भाजीवाल्याशीही भांडले.