मठ्ठेश्वराचा दुसरा मंत्र

चहा घ्या आधी. माझं ठरलेलं लग्न एका मठ्ठ जादूगारापायी कसं मोडलं, ते ऐकताना हातात काहीतरी असलेलं बरं. ठरलेलं म्हणजे, अगदी ठरत आलेलं हो!

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गिरगाव सोडून आम्ही नुकतेच मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात राहायला आलो होतो. माझा धाकटा भाऊ नंदू कॉलेजात. त्याचा मित्र जिग्नेश, त्याचा मामा बोटीवर. त्या मामाने एक परदेशी खेळ आणला होता. फासे टाकायचे, आपापलं पात्र बनवायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि बसल्या जागी तोंडानेच राक्षस मारायचे!

मी जादूगार घेतला. फासे टाकले, तर त्याचं शहाणपण आलं पंधरा, पण बुद्धी आली सहा. अठरापैकी सहा! नंदूने लगेच त्याचं नाव ठेवलं, मठ्ठेश्वर.

आता नियम असा, की जादूगाराच्या डोक्यात मंत्रांसाठी जागा असतात. बुद्धी जास्त तर जागा जास्त. मंत्र एकदा म्हटला, की त्या दिवसापुरता पुसला गेला. मठ्ठेश्वराला जागा किती? एक! नंदू पंच होता ना, त्याचा निर्णय.

त्या रविवारी मला बघायला ठाण्याहून मंडळी यायची होती, पाचला. काशीमिऱ्याला ट्रकांत अडकू म्हणून ती लवकर निघाली, आणि नेमका त्या दिवशी रस्ता मोकळा! चारलाच दारात हजर. बाबा फरसाण आणायला केबिन रोडला गेलेले, आणि आम्ही आतल्या खोलीत खेळ मांडून बसलेलो.

साडी कशीबशी गुंडाळून मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलगा, सुहास, काय सांगू, बघताक्षणी आवडला मला.

तेवढ्यात आतून जिग्नेश, "नंदू, राक्षस आ गया. दीदी का क्या करने का?"

आणि नंदूचा खणखणीत आवाज, "ताईची बुद्धी सहा! एवढ्या बुद्धीला दिवसाला एकच मंत्र. तोही म्हटला की डोकं रिकामं!"

आईने पदर तोंडाला लावला.

सुहासच्या आई मात्र चक्क खुलल्या. "अहो, लाजताय काय? जास्त बुद्धीच्या मुली बघून दमलो आम्ही. रोज एक मंत्र म्हणते ना? पुष्कळ झालं!"

बघा! जमलंच होतं की नाही? मी फक्त मान खाली घालून चहा द्यायचा होता. पण 'एकच' ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. आठवडाभर याच नियमावरून नंदूशी भांडत होते मी!

"एक नाही हं, नंद्या!" ट्रे टीपॉयवर आदळला आणि आतून नियमांची झेरॉक्स घेऊन आले, मागोमाग नंदूही. "हे कोष्टक बघ. शहाणपण पंधरा असेल तर जादा मंत्र. माझं शहाणपण पंधराच आहे!"

"बाळ, एक पुरे की गं," सुहासच्या आई म्हणाल्या.

"पुरे कसा? सकाळी एका राक्षसाला संपवलं आणि संध्याकाळी दुसरा आला, तर त्याला काय चहा देऊ?"

त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. "राक्षस म्हणजे... घरातले?"

"बहुतेक बाहेरचेच असतात," मी प्रामाणिकपणे सांगितलं. "घरातले चटकन ओळखू येत नाहीत."

सुहास कोष्टकात डोकावला. "आई, यांचं बरोबर वाटतंय. जादा मिळायला हवेत."

"सुहास, चप्पल घाल!"

दोन-चार दिवसांनी मध्यस्थ शिंदेकाकू निरोप घेऊन आल्या. "मंडळी नाराज आहेत गं. म्हणतात, मुलगी कमी बुद्धीची म्हणून ऐकवलंत, आणि निघाली भलतीच हुशार. फसवणूक झाली आमची."

आईने कपाळावर हात मारला. मला सुहासचं वाईट वाटलं, थोडी रडलेही. पण आतून कॉलर ताठ! हुशार म्हणून नकार! अख्ख्या सिल्व्हर पार्कात अशी दुसरी कोण? गच्चीवर पापड वाळत घालताना सगळ्या बायकांना ऐकवून झालं.

शेवटी नंदूला राहवेना. झेरॉक्स माझ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, कोष्टकाच्या वर काय लिहिलंय, ते वाच ना एकदा."

वाचलं. कोष्टक पुजाऱ्यांचं होतं! शहाणपणाचे जादा मंत्र फक्त पुजाऱ्यांना. जादूगाराला नुसती बुद्धी मोजायची. आणि सहा बुद्धीला खरं तर एकही मंत्र नव्हता. तो एकसुद्धा नंदूने दया येऊन दिलेला!

म्हणजे काय झालं, लक्षात आलं का? त्या बाईंना हवी होती तश्शीच मुलगी समोर उभी होती हो. मीच त्यांना कळू दिलं नाही!