न उघडलेले व्हिडिओ

आम्ही टीबीचं काम करणाऱ्या बायका दुपारी डबे उघडले की किस्से सुरू करतो. जोगेश्वरीच्या गल्ल्यांतून घरोघर फिरायचं म्हटल्यावर ते साठतातच. हल्ली मात्र त्यातल्या निम्म्यांची मला लाज वाटते.

घरात कुणाला नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी झाला, की धडधाकट पोरांनाही सहा महिने रोज गोळी द्यायची, तो होऊ नये म्हणून. हे पटवताना घाम फुटतो. एक पेशंट आमच्या सुर्वेबाईंना म्हणाला, "पोरगा दिवसभर क्रिकेट खेळतो. दम मला लागतो, ती गोळी पण मलाच द्या ना!"

गोळी कडूजहर. सुर्वेबाईंनी एकदा ती केळ्यात दडवली. पोराने केळं खाल्लं आणि गोळी परत हातावर ठेवली. "बाई, यात बी होती."

माझा किस्सा वेगळा. पेशंटच्या घरचा चहा नको म्हणून मी उपवास सांगायचे. भीती, दुसरं काय. ऋतुजा सहा वर्षांची, तिच्या वडिलांना हा टीबी. ती म्हणाली, "मावशी, तुमचा रोज उपवास?" तिची आई कप आत घेऊन गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पुढच्या खेपेलाही मी चहा घेतला नाही.

ऋतुजा गोळी गिळतानाचा व्हिडिओ आई रोज सकाळी पाठवायची. मी तो बघून कार्डावर टिक करायची, असं ठरलेलं. आठवडाभर बघितले. मग न उघडताच खाली "छान" लिहायचं आणि टिक. आम्ही सगळ्याच तसं करायचो. सुर्वेबाई तर रिक्षात बसल्या बसल्या उरकायच्या.

एकदा मीटिंगमध्ये दाखवायला म्हणून एक उघडला. ऋतुजा गोळी गिळते, जीभ दाखवते, आणि मागून आईचा आवाज येतो, "मॅडम, आज पण गुडघा दुखतोय तिचा. गोळी देत राहू ना?"

आधीचा उघडला. तेच. त्याच्या आधीचा. तेच. अकरा दिवस, आणि प्रत्येकाखाली माझं "छान".

या गोळीने सांधे दुखू शकतात, दुखले तर लगेच डॉक्टरांना दाखवा, हे मीच लोकांना शिकवते. तशीच उठून धावत त्यांच्या घरी गेले. ऋतुजा भिंत धरून दारात आली. तिला उचललं आणि आईला म्हटलं, "चला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

आई चप्पल घालता घालता म्हणाली, "शेजारीण सांगत होती, बंद कर ती गोळी. मी म्हटलं, नाही गं, आमच्या मॅडम रोज बघतात."